अकरा तारीख आणि दुसरा मंगळवार

सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांत मागच्या बाजूला यंत्रमाग आणि पुढच्या खोलीत संगणक असतो. त्यावर टॉवेलची बिलं, सुताचा हिशेब आणि जीएसटीचं काम चालतं. दरमहा विवरण भरणाऱ्याला ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ द्यावा लागतो. नेमका त्याच सकाळी संगणक ‘अपडेट चालू आहे, ३० टक्के झालं, बंद करू नका’ असं सांगत अडून बसला की घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. अनेक जण याला नशिबाचा खेळ समजतात. खरं तर यामागे ठरलेली तारीख आहे.

मायक्रोसॉफ्ट २००३ पासून विंडोजची सुरक्षा-अपडेट साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपल्याला ते भेटतं बुधवारी. दुसरा मंगळवार कायम ८ ते १४ या तारखांतच पडतो. २०२५ च्या जूनमध्ये तो १० तारखेला होता, म्हणजे बुधवारी ११!

आता आत काय घडतं ते पाहू. मागावरचा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपत आला की नवा बीम आधीच भरून ठेवता येतो, त्यासाठी माग थांबवावा लागत नाही. पण नव्या बीमचं एकेक सूत जुन्या सुताशी सांधायचं तर माग थांबवावाच लागतो. अपडेटचंही तसंच आहे. नव्या फायली इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी उतरतात, तपासल्या जातात आणि बाजूला रचून ठेवल्या जातात. हे सगळं तुमचं काम चालू असताना होतं. पण विंडोजच्या ज्या फायली त्या क्षणी वापरात असतात त्या बदलता येत नाहीत. त्यासाठी सगळं थांबवून रीस्टार्ट करावंच लागतं. टक्के दिसतात ते या सांधण्याचे. संगणकात जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर हे काम फार रेंगाळतं, कारण हजारो बारीक फायलींसाठी तिची सुई सारखी इकडून तिकडे पळत असते. मध्येच वीज गेली तर विंडोज बहुधा केलेले बदल मागे घेतं, पण त्यातही तेवढाच वेळ जातो आणि कधीकधी संगणक सुरूच होत नाही. म्हणून बॅटरी नसलेल्या संगणकाला यूपीएस हवाच.

मग हे रात्री गुपचूप का होत नाही? माझ्या मते सगळ्या त्रासाचं मूळ इथेच आहे. संगणक रात्रभर विजेवर राहील आणि कोणी वापरत नसताना रीस्टार्ट होईल, असं ही व्यवस्था गृहीत धरते. आपण झोपण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करतो. त्यामुळे राहिलेलं काम सकाळी, आपण खुर्चीत बसल्यावर, पुढे येतं. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये कामाचे जास्तीत जास्त १८ तास राखून ठेवता येतात, पण उरलेल्या तासांत यंत्र बंदच असेल तर त्या सोयीचा उपयोग अर्धाच.

वैतागून काही जण अपडेट कायमचं बंद करून टाकतात. तसं करू नका. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातल्या कंपन्यांसोबत न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प केलं. त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एका वाटेचा बंदोबस्त करणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. उलट बाजूही खरी आहे. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटने काहींची कागदपत्रंच पुसली आणि ते चार दिवसांत थांबवावं लागलं. म्हणजे आठवडाभर थांबणं शहाणपणाचं, महिनोन्‌महिने थांबणं धोक्याचं.

मी करते ते असं. ७ तारखेला सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून दोन आठवड्यांसाठी ‘पॉझ’ करते. होम आवृत्तीतही ही सोय आहे आणि ती पाच आठवड्यांपर्यंत वाढवता येते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करताना ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवते, म्हणजे डेटा संपत नाही. १५ तारखेनंतर, पण २० तारखेच्या जीएसटीआर-३बीच्या आधी, एका संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेते आणि पॉझ काढून स्वतःच अपडेट सुरू करते. त्या वेळी भिंतीवरच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं: त्याची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती संगणकांसाठीची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागते.

संगणक पुन्हा सुरू झाला की मी टॅली उघडते, एक जुनं बिल छापून बघते, आणि मगच पेनड्राइव्ह कपाटात ठेवते.