तेरणाकाठचे तगर
लेखमाला : पाण्याकाठच्या जुन्या राजधान्या – लेखांक सहावा

तेरणा ही मोठी नदी नव्हे. बालाघाटाच्या रांगेत तेरखेड्याजवळ ती उगम पावते, धाराशिव जिल्ह्यातून पूर्वेकडे वाहत लातूर जिल्ह्यात जाते आणि पुढे मांजरेला मिळते. बालाघाटाचे पठार म्हणजे इथला जलविभाजक. एका अंगाचे पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जाते, तर दुसऱ्या अंगाचे सीना आणि बोरी या नद्यांतून भीमेला. पाऊस बेताचा, जमीन काळी, कापसाला मानवणारी. धाराशिव शहराच्या ईशान्येला याच नदीच्या काठी तेर हे गाव आहे. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या पहिल्या प्रतीच्या व्यापारी नगरांत गणले गेलेले तगर ते हेच.

तगरचा सर्वांत बोलका उल्लेख परदेशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे सागरी प्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे खडे येत. तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि पूर्व किनाऱ्याकडून तिथे जमा होणारा माल. हे सगळे गाड्यांवर लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला न्यावे लागे. कल्याणचे बंदर तुलनेने जवळ होते. पण त्या काळी तिथे परकी जहाजांना अडवून पहाऱ्यात भडोचला पाठवले जाई, असेही हाच लेखक नोंदवतो. तगरच्या विणकराचा माल इतका लांबचा फेरा का घेत होता, याचे उत्तर या राजकारणात सापडते. दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

पुढे हे नगर नेमके कुठे होते याचा विसर पडला. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी ठिकाणे सुचवली. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, हे साधार मांडले. अंतरांचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर आणि पैठण ते तेर सुमारे दीडशे. वीस आणि दहा दिवसांच्या प्रमाणाशी हे बरेचसे जुळते. ‘पूर्वेला’ मात्र ढोबळ आहे, तेर पैठणच्या आग्नेयेला येते. त्यानंतर हेन्री कझेन्स यांनी इथल्या वास्तूंची पाहणी केली आणि 1958 मध्ये बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले. सातवाहन काळातील वस्तीचे थर, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, रोमन जगाशी असलेल्या संबंधाच्या खुणा, असे बरेच काही तेरच्या मातीतून हाती आले आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष मोलाची आहे. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात तिच्याच घडणीची मूर्ती सापडली. दख्खनच्या कारागिरांचा हात किती दूर पोहोचला असावा, याची ही एक खूण मानता येते.

तगर राजधानी होते का? सातवाहनांची राजधानी पैठण होती. तगरला त्या काळी तो मान असल्याचा पुरावा नाही. मात्र शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. त्यांची तीन घराणी, दक्षिण कोकण, उत्तर कोकण आणि कोल्हापूर इथली, तेरपासून दूर राज्य करत होती. तरीही आठव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान त्यांनी हे बिरुद सोडले नाही. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी यावरून शिलाहारांचे मूळ तेरला मानले, आणि ते पटण्याजोगे आहे; ज्या गावाशी नाते नाही त्याचा अभिमान तीन वेगवेगळी घराणी शतकानुशतके कशासाठी मिरवतील? त्यांपैकी कोकणातल्या शाखांच्या राजधान्या मात्र खाऱ्या पाण्याजवळ वसल्या. उत्तर कोकणच्या शाखेचे ठाणे खाडीवर होते. त्या शाखेचा शेवटचा राजा सोमेश्वर इसवी सन 1265 च्या सुमारास यादव महादेवाशी झालेल्या आरमारी लढाईत पडला. कोल्हापूरची शाखा त्याआधीच यादव सिंघणाने बुडवली होती.

खुद्द तेरमध्ये जुन्या वैभवाची सर्वांत ठळक खूण विटांची आहे. त्रिविक्रम मंदिराचा गाभा मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार, गजपृष्ठाकार छपराचा आहे. घाट थेट बौद्ध चैत्यगृहाचा. मूळ वास्तू बौद्ध असून ती पुढे विष्णूकडे आली, असे कझेन्स यांचे मत होते. महाराष्ट्रातील उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधीव वास्तूंत तिची गणना होते. उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच आहे. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या आणि सच्छिद्र आहेत की पाण्यावर तरंगतात. धाराशिवजवळच्या लेण्यांचा संबंधही तेरशी जोडला जातो: ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश जैन काव्यात तेरापूर आणि त्याजवळच्या डोंगरातील लेणी येतात.

व्यापार ओसरला तरी तेर ओस पडले नाही. तेराव्या-चौदाव्या शतकांत संत गोरोबाकाका इथेच चाकावर मडकी घडवत होते. त्यांची समाधी तेरणेकाठी आहे आणि महाराष्ट्रातील बहुतेकांना तेर ठाऊक आहे ते त्यांच्यामुळे. प्राचीन नगराच्या वस्तू मात्र बराच काळ शेतात, पांढरीत विखुरलेल्या होत्या. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर जमवल्या. त्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. टेकाडांचा बराच भाग अजून उकरलेला नाही, त्यामुळे तगरचे रस्ते, पेठा आणि नदीकडची बाजू कशी होती, याचा पूर्ण नकाशा अद्याप काढता आलेला नाही.