फ्लोटिंग पॉइंट गणनेतील यंत्रभेद आणि सॉफ्टवेअर चाचणी

प्रस्तावना :
एकाच प्रोग्रामने दोन संगणकांवर एकाच गणिताची भिन्न उत्तरे द्यावीत, ही बाब प्रथमदर्शनी अशक्य वाटते. परंतु अपूर्णांकांच्या गणनेत तसे घडू शकते. या भेदाची कारणे व चाचणीतील त्याची हाताळणी स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भेदाची कारणे :
आयईईई ७५४ हे मानक १९८५ साली निश्चित झाले. २००८ व २०१९ मध्ये ते सुधारण्यात आले. त्यानुसार ६४ बिटांच्या ‘डबल’ संख्येस ५३ बिटांची अचूकता असते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा पूर्ण लिहिता येत नाही, तसा द्विमान पद्धतीत ०.१ पूर्ण लिहिता येत नाही.

समजा, दहा घटक चाचण्यांना प्रत्येकी ०.१ भारांश आहे आणि त्यांची बेरीज १ होते काय, हे प्रोग्राम तपासतो. क्रमाने केलेल्या प्रत्येक बेरजेचे राउंडिंग ६४ बिटांत झाल्यास उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. जुन्या एक्स८७ रचनेतील ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये सर्व बेरजा होऊन अखेरीस एकदाच ६४ बिटांत रूपांतर झाल्यास मात्र उत्तर १ येते. म्हणजेच एका यंत्राने स्वीकारलेली गुणपद्धती दुसरे यंत्र नाकारते.

याखेरीज, गुणाकार व बेरीज एकत्र करणारी ‘फ्यूज्ड मल्टिप्लाय-अ‍ॅड’ सूचना दोनऐवजी एकदाच राउंडिंग करते. समांतर गणनेत बेरजेचा क्रम बदलतो. साइनसारख्या फलनांसाठी मानक अचूक राउंडिंगची सक्ती करीत नाही. त्यामुळे लायब्ररीगणिक शेवटचा अंक बदलू शकतो.

चाचणीतील उपाय :
१) अशा गणनेत काटेकोर समानतेऐवजी सहनमर्यादा वापरावी. मोठ्या संख्यांसाठी ती सापेक्ष, तर शून्यालगत निरपेक्ष असावी. पायथनमधील ‘आयएसक्लोज’ फलनाची निरपेक्ष मर्यादा मुळात शून्य असते. म्हणून अपेक्षित उत्तर शून्य असता ती स्वतंत्रपणे द्यावी लागते.
२) मर्यादा गणनेतील संभाव्य त्रुटीवरून ठरवावी. चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत ती वाढवीत गेल्यास खरा दोषही झाकला जातो.
३) प्रोसेसर, कंपायलर व त्याचे पर्याय यांची नोंद निष्कर्षासोबत ठेवावी.
४) जेथे निर्णय सीमारेषेवर अवलंबून असतो, तेथे अपूर्णांक टाळावेत. रक्कम पैशांत, तर भारांश दशांशांत पूर्णांकरूपाने मोजावेत. उत्तीर्णतेसाठी सरासरी ४० हवी असल्यास पाच विषयांच्या पूर्णांकी गुणांची बेरीज थेट २०० शी ताडावी.

समारोप :
सहनमर्यादा हे मोजमापाचे साधन आहे, नियमाचा पर्याय नव्हे. संशोधनातील आकडा शेवटच्या स्थानी बदलला, तर अर्थ बहुधा कायम राहतो. परंतु सीमेवरील विद्यार्थ्याचा निकाल त्याच अंकाने फिरू शकतो. म्हणून कोणता भेद क्षम्य व कोणता अक्षम्य, हे चाचणी लिहिण्यापूर्वीच ठरविणे आवश्यक आहे. आणि तो निर्णय संगणकतज्ज्ञाइतकाच त्या विषयाच्या अध्यापकाचाही आहे.