विंडोज ११: बाबांचं स्टार्ट बटण कुठे गेलं?

आजचा एपिसोड छोटासाच आहे. पण घरी आई-बाबा कॉम्प्युटर वापरत असतील, तर नक्की शेवटपर्यंत ऐका.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. म्हणून दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकलं आणि परत आलो. दोन आठवड्यांनी आईचा फोन. "अरे, बाबा हल्ली सोसायटीचा हिशोब वहीतच लिहितात." बाबांना विचारलं, तर म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय. स्टार्ट दाबायला जातो आणि हवामान उघडतं."

चूक त्यांची नव्हतीच. इतकी वर्षं हात डाव्या कोपऱ्यात जायचा. विंडोज ११ मध्ये स्टार्ट मध्यभागी आलं आणि त्या कोपऱ्यात विजेट्स बसले. घरातला स्विचबोर्ड कोणी न सांगता हलवला, तर अंधारात आपणही भिंतच चाचपडू ना!

मग फोनवरच एकेक गोष्ट बदलली. तुम्हीही करून बघा.

पहिली: सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, मग टास्कबार बिहेवियर्स. तिथे अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. स्टार्ट जुन्या जागी! त्याच पानावर वरती विजेट्स बंद करता येतात.

दुसरी: राइट क्लिक केल्यावर जुना लांबलचक मेनू दिसत नाही. कट, कॉपी, डिलीट आता छोटे आयकॉन झालेत. जुना मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा.

तिसरी, माझी आवडती: टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा आणि तिच्या कीबोर्डमध्ये 'मराठी फोनेटिक' निवडा. मग इंग्रजी अक्षरांत 'namaskar' असं टाइप केलं की 'नमस्कार' उमटतं. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेसबार.

नव्यातलंही थोडं घ्या. विंडोज की आणि झेड दाबलं की खिडक्या शेजारी शेजारी लावायचे पर्याय येतात. बाबा आता एका बाजूला बँकेचं स्टेटमेंट आणि दुसऱ्या बाजूला एक्सेल ठेवतात.

आणि अगदीच जमलं नाही तर? अपग्रेडनंतर साधारण १० दिवस सेटिंग्जच्या रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' मिळतं. पण आधी बॅकअप घ्या. आणि मागे गेलात, तर सपोर्ट संपल्याचा प्रश्न तसाच राहतो, हेही लक्षात ठेवा.

मी इंजिनिअर, रोज सॉफ्टवेअर बनवतो. तरी मला सुचलं नाही की इन्स्टॉल करणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे शेजारी बसून, माउस त्यांच्याच हातात ठेवून, दहा मिनिटं गप्प राहणं.

परवा बाबांचा मेल आला. हिशोबाची फाइल, आणि खाली मराठीत एकच ओळ: 'तपासून बघ.'

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!