अस्वलाची विणीची गुहा

अस्वलाची विणीची गुहा म्हणजे भारतीय अस्वलाची (शास्त्रीय नाव: मेलर्सस अर्सिनस) मादी हिवाळ्यात पिल्लांना जन्म देण्यासाठी निवडते ती गुहा, कपार किंवा बीळ. अस्वले हिवाळाभर झोपून राहतात, हा समज महाराष्ट्रातील अस्वलांना लागू पडत नाही. काश्मीरमधील दाचीगामच्या जंगलातील हिमालयीन काळे अस्वल बर्फ आणि अन्नटंचाई यांमुळे झाडाच्या ढोलीत किंवा खडकातील गुहेत शीतनिद्रा घेते. दख्खनमध्ये वाळवी, मुंग्या, बोरे वर्षभर कमीअधिक मिळत असल्याने नर आणि पिल्ले नसलेल्या माद्या हिवाळ्यातही हिंडत असतात.

जागेची निवड

मादी साधारणतः नोव्हेंबर ते जानेवारीत विते व बहुधा एक किंवा दोन पिल्ले होतात. जन्मतः पिल्ले आंधळी व असहाय असतात. त्यामुळे ऊब आणि वाघ-बिबट्यांपासून संरक्षण यांना महत्त्व येते. अजिंठ्याच्या डोंगरांत बसाल्टचे कठीण व मऊ थर एकावर एक आहेत. मऊ थर आधी झिजतो आणि वरच्या कठीण थराखाली कपारी तयार होतात. खडकाळ आसरा नसेल तेथे मादी आपल्या लांब नखांनी उतारावर किंवा मुळांखाली बीळ खणते. पहिले काही आठवडे ती क्वचितच बाहेर पडते. दोन-तीन महिन्यांनी पिल्ले तिच्या पाठीवर बसून बाहेर येतात.

परभणी जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. मात्र जिंतूरच्या टेकड्या अजिंठा रांगेचाच भाग असून, याच रांगेत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य (सुमारे २०५ चौ. किमी) अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे. मेळघाट व ताडोबा येथेही अस्वले आढळतात.

माणसाशी संघर्ष

सरपण, डिंक वा गुरांसाठी रानात गेलेला माणूस नकळत अशा कपारीजवळ पोहोचतो. वाघांच्या सहवासात राहत आलेले हे अस्वल अचानक समोर आलेल्या धोक्यापासून पळण्याऐवजी पुष्कळदा चालून जाते, आणि पिल्ले असलेली मादी तर विशेष आक्रमक असते. जखमा बहुधा चेहऱ्याला व डोक्याला होतात. दुसरीकडे, दगडखाणींसाठी फोडलेल्या टेकडीबरोबर कपारीही नष्ट होतात. झाडे पुन्हा लावता येतात, खडकातील पोकळी नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचा समावेश आहे.