चाचणी चौकटीची जाहीर दारे

विद्यार्थ्याची गुणपत्रिका, विजेचे देयक, घरपट्टीची पावती, बसचे आरक्षण ही कामे आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होतात. संगणक स्वतःहून काही ठरवीत नाही. माणसाने लिहून दिलेल्या आज्ञा तो क्रमाने पाळतो. अशा आज्ञांच्या संचास आज्ञावली म्हणतात. आज्ञावलीत एखादे चिन्ह चुकले, तर ती चूक एकाच वेळी हजारो कागदांवर उमटते आणि तिचा त्रास खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या नागरिकास सोसावा लागतो.

गुणपत्रिकेचेच उदाहरण घ्यावे. समजा, उत्तीर्ण होण्यास ३५ गुण आवश्यक आहेत. आज्ञावली लिहिणाऱ्याने '३५ किंवा त्याहून अधिक' अशी अट घालण्याऐवजी '३५ हून अधिक' अशी अट घातली, तर ३४ गुणांचा विद्यार्थी अनुत्तीर्ण आणि ३६ गुणांचा उत्तीर्ण, हे दोन्ही निकाल बरोबर येतील. वरवर तपासणाऱ्यास काहीच दोष दिसणार नाही. मात्र ज्या मुलांनी नेमके ३५ गुण मिळविले, ती सर्व नापास ठरतील. असे दोष वेळीच सापडावेत म्हणून आज्ञावलीची चाचणी घेण्याची पद्धत रूढ झाली आहे.

चाचणी आणि चाचणी चौकट

चाचणी ही देखील एक छोटी आज्ञावलीच असते. '३५ गुण दिले असता उत्तर उत्तीर्ण असे आले पाहिजे', एवढेच ती सांगते. अपेक्षित उत्तर आणि प्रत्यक्ष उत्तर जुळले, तर चाचणी यशस्वी होते; न जुळल्यास दोष कोठे आहे हे कळते. मोठ्या प्रणालीसाठी अशा हजारो चाचण्या लिहाव्या लागतात. मूळ आज्ञावलीत बदल केला की त्या सर्व पुन्हा चालविल्या जातात. नवे काम करताना जुने काम बिघडले नाही ना, याची खात्री त्यामुळे पटते.

या हजारो चाचण्या शोधणे, एकेक चालविणे, उत्तरे ताडून पाहणे आणि निकालाचा तक्ता तयार करणे हे काम ज्या तयार आज्ञावलीकडे सोपविलेले असते, तिला चाचणी चौकट असे म्हणता येईल. जावा या संगणकभाषेसाठी असलेली 'जेयुनिट' ही चौकट विशेष प्रसिद्ध आहे. केंट बेक यांनी त्यापूर्वी स्मॉलटॉक या भाषेसाठी अशीच एक चौकट तयार केली होती. १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात त्यांनी व एरिक गामा यांनी जेयुनिटची पहिली मांडणी केली. ती पुढे जगभर पसरली. जावा शिकणाऱ्या विद्यार्थ्यास चाचणीचा पहिला धडा आजही बहुधा जेयुनिटवरच दिला जातो.

खिडकी आणि दप्तरखाना

चौकटीचे दोन भाग असतात. काही नावे व आज्ञा इतरांनी वापराव्यात म्हणून जाहीर केलेल्या असतात. त्यांना जाहीर इंटरफेस म्हणतात. उरलेला भाग चौकटीच्या अंतर्गत कामासाठी असतो.

कोणत्याही कचेरीची रचना डोळ्यांपुढे आणली असता हा भेद सहज ध्यानात येतो. नागरिक खिडकीवर अर्ज देतो आणि खिडकीवरच नक्कल घेतो. आत दप्तरखान्यात कोणते कपाट कोठे आहे व कोणती फाईल कोणत्या फळीवर आहे, हे त्यास ठाऊक असण्याचे कारण नसते. त्यामुळे कचेरीस आतील कपाटे हवी तेव्हा हलविता येतात. खिडकीची जागा, अर्जाचा नमुना आणि मिळणारी नक्कल पूर्वीप्रमाणे राहिली म्हणजे झाले.

परंतु समजा, खिडकीवर हवा तो कागद मिळत नाही म्हणून काही मंडळी ओळखीने थेट दप्तरखान्यात जाऊ लागली आणि 'तिसरे कपाट, दुसरी फळी' असे पाठ करून स्वतःच कागद काढू लागली. प्रथम सर्वांची सोय होते. काही वर्षांनी मात्र कपाट हलविण्याचा विचार निघताच शेकडो लोकांचे काम अडते आणि कपाट जागच्या जागी राहते. कोणी लेखी वचन दिलेले नसताना तिसऱ्या कपाटाची दुसरी फळी हे कचेरीचे कायमचे बंधन होऊन बसते. जेयुनिटच्या बाबतीत नेमके हेच घडले.

जेयुनिट ४ चा अनुभव

जेयुनिटच्या तिसऱ्या आवृत्तीत चाचणीचे नाव 'टेस्ट' या शब्दाने सुरू करावे लागे, आणि ती 'टेस्टकेस' या ठराविक वर्गातून निर्माण झालेल्या वर्गात लिहावी लागे. २००६ साली चौथी आवृत्ती निघाली. तिने हे बंधन काढून टाकले आणि चाचणीवर केवळ 'टेस्ट' अशी खूण लावण्याची सोय केली. मात्र जुन्या पद्धतीने लिहिलेल्या चाचण्याही तिच्यात चालत राहिल्या. जुनी नावे ठेवून शेजारी नवी नावे दिल्यामुळे लोकांनी सवडीने नवी पद्धत स्वीकारली.

अडचण निराळ्याच बाजूने आली. चौकटीचा वापर केवळ चाचणी लिहिणारेच करीत नव्हते. एक्लिप्स, इंटेलिजे यांसारखी आज्ञावली लिहिण्याची साधने आणि मेवन, ग्रेडल यांसारखी बांधणीची साधने यांनाही चाचण्या चालवून त्यांचे निकाल पडद्यावर दाखवावयाचे होते. त्यांना लागणारी सर्व माहिती देणारे पुरेसे जाहीर दार चौथ्या आवृत्तीत नव्हते. शिवाय चौकटीचे जाहीर व अंतर्गत भाग एकाच संचात बांधलेले होते. परिणामी साधनांनी अंतर्गत भाग वापरण्यास आरंभ केला. आज्ञावलीच्या खाजगी घटकांपर्यंतही पोहोचण्याची एक सोय जावा भाषेत आहे. तिचाही उपयोग करण्यात आला.

यात साधनकारांचा हेतू वाईट नव्हता, आणि चौकटीच्या पालकांनीही जाणूनबुजून दार बंद ठेवले नव्हते. तरी परिणाम गंभीर झाला. खाजगी घटकाचे नाव बदलणे ही एरवी घरातील भांडे हलविण्यासारखी गोष्ट. तीही बाहेरची साधने मोडतील या भीतीने कठीण झाली. चौकटीत सुधारणा करणे अवघड, काही वेळा तर अशक्य झाले, हे जेयुनिटच्या पालकांनी पुढे आपल्या मार्गदर्शिकेतच नमूद केले आहे. चौकट लोकप्रिय होती, आणि त्या लोकप्रियतेनेच तिचे हातपाय बांधले गेले होते.

नवी रचना आणि पाच खुणा

२०१५ साली लोकवर्गणी जमवून चौकटीच्या नव्या रचनेचे काम हाती घेण्यात आले आणि २०१७ साली जेयुनिट ५ प्रसिद्ध झाले. त्याचे तीन भाग पाडण्यात आले. 'प्लॅटफॉर्म' हा भाग चाचण्या शोधून चालविण्यासाठी असून त्यात साधनकारांकरिता स्वतंत्र जाहीर दार ठेवले आहे. 'ज्युपिटर' हा भाग नव्या पद्धतीने चाचण्या लिहिणाऱ्यांसाठी आहे. 'व्हिंटेज' हा तिसरा भाग तिसऱ्या व चौथ्या आवृत्तीच्या जुन्या चाचण्या चालविण्यासाठी ठेवण्यात आला. ज्यांना दप्तरखान्यात शिरावे लागत होते, त्यांच्यासाठी प्रथम खिडकी उघडली गेली, हे या रचनेचे मर्म होय.

दुसरी सुधारणा अशी की, इतरांच्या नजरेस पडणाऱ्या नावांवर त्यांच्या भरवशाची खूण लावण्यात आली. अशा खुणा पाच आहेत.

'इंटर्नल' म्हणजे अंतर्गत. ही गोष्ट चौकटीबाहेर कोणी वापरू नये. ती सूचना न देता काढली जाऊ शकते.

'एक्स्परिमेंटल' म्हणजे प्रायोगिक. वापरणाऱ्यांचा अभिप्राय मिळावा म्हणून ती दिलेली असते. ती पुढे कायम होईल किंवा नाहीशीही होईल.

'मेंटेन्ड' म्हणजे सांभाळलेली. निदान पुढील उपआवृत्तीपर्यंत तिच्यात मोडतोड होणार नाही.

'स्टेबल' म्हणजे स्थिर. चालू मुख्य आवृत्ती असेपर्यंत तिच्यावर विसंबून राहण्यास हरकत नाही.

'डेप्रिकेटेड' म्हणजे निवृत्तीस काढलेली. ती अजून चालते, पण नव्या कामात वापरू नये. ती पुढील उपआवृत्तीत नाहीशी होऊ शकते.

या खुणांमुळे कोणते वचन दिले आहे आणि कोणते दिलेले नाही, हे दोन्ही पक्षांस आधीच कळते. प्रायोगिक गोष्ट वापरणाऱ्यास पुढे तक्रार करण्यास जागा राहत नाही. तसेच स्थिर म्हणून जाहीर केलेली गोष्ट मोडण्याचा अधिकार पालकांनाही राहत नाही.

बदल करण्याची रीत

स्थिर याचा अर्थ कधीही न बदलणारे असा नाही. बदल कसा करावा याचे एक चांगले उदाहरण जेयुनिट ५ मध्ये सापडते. दोन उत्तरे ताडून पाहणारी 'असर्टइक्वल्स' नावाची आज्ञा आहे. चौथ्या आवृत्तीत तिला प्रथम दोषाचा संदेश, मग अपेक्षित उत्तर आणि शेवटी प्रत्यक्ष उत्तर या क्रमाने मजकूर द्यावा लागे. संदेश न दिला तरी चालत असे. ऐच्छिक गोष्ट शेवटी असावी म्हणून पाचव्या आवृत्तीत संदेश अखेरीस नेण्यात आला.

हा बदल जुन्याच जागी केला असता तर काय झाले असते? तिन्ही मजकूर शब्दरूप असतील, तर संगणकाने कसलीही हरकत न घेता जुनी चाचणी स्वीकारली असती. मग संदेशालाच अपेक्षित उत्तर समजून तुलना झाली असती आणि निर्दोष आज्ञावली सदोष ठरली असती. हे टाळण्यासाठी नवी आज्ञा नावांच्या नव्या गटात ठेवण्यात आली. जुन्या गटातील जुनी आज्ञा जशीच्या तशी राहिली. एकाच प्रकल्पात काही चाचण्या जुन्या आणि काही नव्या पद्धतीच्या ठेवता येऊ लागल्या. चाचण्या हळूहळू बदलण्यास लोकांना वर्षे मिळाली.

निवृत्तीचीही रीत आहे. प्रथम नवी सोय द्यावी, मग जुन्या सोयीवर निवृत्तीची खूण लावावी आणि पुरेशा काळानंतरच ती काढावी. जावा भाषेत निवृत्तीची खूण लावलेली गोष्ट वापरली, तर संगणक बांधणीच्या वेळी तशी सूचना देतो. नोटीस प्रत्येकाच्या दारी आपोआप पोहोचते. २०२५ साली जेयुनिट ६ प्रसिद्ध झाले, तेव्हा आधी निवृत्तीस काढलेल्या कित्येक गोष्टी त्यातून वगळण्यात आल्या. जुन्या चाचण्या चालविणाऱ्या व्हिंटेज भागावर मात्र त्याच वेळी निवृत्तीची खूण लागली. २००६ साली सुरू झालेल्या पद्धतीस अशी जवळजवळ दोन दशकांची मुदत मिळाली.

एवढा खटाटोप कशासाठी?

चाचण्यांच्या संचात एखाद्या खात्याचे वा संस्थेचे वर्षानुवर्षांचे अनुभव साठविलेले असतात. पूर्वी कोणती चूक झाली, ती कोणत्या काठावर झाली आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय पाहावे, हे सर्व त्यात असते. ज्याने ३५ गुणांची ती चाचणी लिहिली, तो कर्मचारी कदाचित बदलून गेलेला असेल. चाचणी मात्र मागे राहून आपले काम करीत असते.

चौकटीची नवी आवृत्ती निघताच या चाचण्या मोडू लागल्या, तर संस्थेपुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे जुन्याच आवृत्तीवर थांबणे आणि नव्या सुधारणांना मुकणे. दुसरी वाट याहून वाईट. 'चाचणीतच बिघाड आहे' असे म्हणून ती बंद करून ठेवण्याची सवय लागते. त्यानंतर खरा दोष आला तरी तो सांगणारे कोणी उरत नाही, आणि ३५ गुणांच्या विद्यार्थ्याचा निकाल पुन्हा चुकतो. म्हणून चौकटीचे पालक नवी आवृत्ती काढण्यापूर्वी तिची जाहीर नावे जुन्या आवृत्तीशी ताडून पाहतात. जेयुनिटच्या चाचण्या तर जेयुनिटनेच चालविल्या जातात.

या व्यवहारात वापरणाऱ्याचेही कर्तव्य आहे. जाहीर दारानेच जावे. खुणा वाचाव्यात. निवृत्तीची सूचना दिसताच ती दुर्लक्षित न करता सवडीने बदल करावा. हवी ती गोष्ट जाहीर दारातून मिळत नसेल, तर आतून हात घालण्याऐवजी पालकांकडे नव्या दाराची मागणी करावी. शाळा-महाविद्यालयांत आज्ञावली-लेखन शिकविणाऱ्या शिक्षकांनी हा संस्कार पहिल्या धड्यापासून केल्यास पुढील कित्येक अडचणी टळतील.

खात्यात अर्जाचा नवा नमुना लागू करताना जुना नमुना अमुक तारखेपर्यंत स्वीकारला जाईल, असे परिपत्रक काढण्याची रीत अधिकाऱ्यांच्या परिचयाची आहे. चाचणी चौकटीचे पालकही हेच करीत असतात. बदल झाला तरी दूरच्या गावाहून जुना नमुना भरून आलेल्या माणसास खिडकीवरून परत जावे लागू नये, एवढाच त्यामागील उद्देश होय.