गुळगुळीत पाटीचे रहस्य

मुलांनो, घराच्या दारावर किंवा एखाद्या यंत्राच्या अंगावर बसविलेली ॲल्युमिनियमची पाटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावरून बोट फिरवून पाहा. तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत लागतो आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोटाला स्पष्ट जाणवतात. कारागिराने शेवटी ही पाटी खूप घासली असावी, असे तुम्हांला वाटेल. परंतु केवळ घासण्याने हे काम साधत नाही. अक्षरांच्या अरुंद खोबणीत घासण्याचा कागद पोचतच नाही. तेथील गुळगुळीतपणा कोरणाऱ्या हत्याराच्या धारेनेच आलेला असतो. आणि तेथे एकदा ओरखडा पडला, म्हणजे तो सहसा जात नाही.

अशी पाटी मिलिंग यंत्रावर तयार करता येते. या यंत्रात ‘कटर’ नावाचे दातेरी हत्यार वेगाने फिरते. ते धातूवरून सरकू लागले, की त्याचा प्रत्येक दात धातूचा एक बारीक पापुद्रा काढतो. टोकदार कटर बसविला, म्हणजे त्याच यंत्राने अक्षरेही कोरता येतात. आज पुष्कळ कारखान्यांत हे यंत्र संगणकाच्या आज्ञेप्रमाणे चालते. तरी धातूचा स्वभाव माणसालाच ओळखावा लागतो.

ॲल्युमिनियमचा स्वभाव कसा आहे? तो वजनाने लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश आणि त्याहून मऊ असतो. त्यामुळे तो कापण्यास सोपा वाटतो. पण त्याची एक खोड आहे. कापताना तो तापला, की कटरच्या धारेला चिकटतो. पोळी लाटताना कणीक लाटण्याला चिकटली, म्हणजे पोळी फाटते, नाही का? येथेही तसेच होते. चिकटलेल्या धातूमुळे धार बोथट होते आणि मग धातू कापला न जाता ओरबाडला जातो.

लाटण्याला कणीक चिकटू नये म्हणून आपण पिठी लावतो. कारागीर त्यासाठी कटरवर कूलंट सोडतो. तेल पाण्यात मिसळून केलेले हे द्रव्य दुधासारखे दिसते. त्याने धार थंड राहते आणि धातूचा कीसही वाहून जातो. कीस खोबणीत साचला, तर कटर तोच पुन्हा दळतो व ओरखडे पाडतो. कटर मात्र धारदारच हवा. तो फार सावकाश सरकविला, तर कापण्याऐवजी घासू लागतो आणि धातू अधिकच तापतो. म्हणून कारागीर आधी बराचसा धातू काढतो, सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा थर मागे ठेवतो आणि शेवटच्या हलक्या फेरीत तेवढाच थर कापून घेतो.

यानंतर घासण्याची पाळी येते. पॉलिश कागदाचा क्रमांक जितका मोठा, तितके त्यावरील कण बारीक. आधी २२०, मग ४००, मग ६०० आणि शेवटी १००० क्रमांकाचा कागद, असा क्रम घेतात. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलून आधीच्या रेघांना आडवे घासतात. आधीच्या सर्व रेघा नाहीशा झाल्या, म्हणजेच पुढचा कागद हाती घ्यावयाचा. २२० नंतर एकदम १००० घेतला, तर खोल रेघा तशाच राहतात आणि पाटी चमकू लागताच त्या अधिकच डोळ्यांत भरतात. कागद पाण्याने ओला ठेवावा. ॲल्युमिनियमची कोरडी, बारीक पूड श्वासावाटे छातीत जाणे अपायकारक आहे. शिवाय ती पेटही घेऊ शकते.

पाटीचा पृष्ठभाग असा तयार झाल्यावर अक्षरे कोरतात. कोरताना त्यांच्या कडेला धातूचे सूक्ष्म काटे उभे राहतात. ते काढण्यासाठी कागद सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने फिरवितात. तोच कागद बोटाने दाबला, तर तो खोबणीत शिरतो, अक्षरांच्या कडा गोल होतात आणि सुरेख कोरलेले नाव पुसट दिसू लागते. असे बिघडलेले अक्षर दुरुस्त करणे फार कठीण!

मुलांनो, आणखी एक गंमत ऐका. पुष्कळ पॉलिश कागदांवरील कण ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचे असतात. या मऊ धातूपासून होणारे ते संयुग इतके कठीण असते, की ते त्याच धातूला घासून काढते. त्याच संयुगाचा पातळ थर विजेच्या साहाय्याने पाटीवर चढवितात. त्यास ॲनोडायझिंग म्हणतात. त्या थराने पाटी टिकाऊ होते, परंतु खालचे ओरखडे झाकले जात नाहीत.

तेव्हा गुळगुळीत पाटीचे रहस्य शेवटच्या झळाळीत नाही. पहिल्या कापापासून प्रत्येक पायरीवर घेतलेल्या काळजीत ते आहे. मागच्या पायरीवरील चूक पुढची पायरी क्वचितच झाकते. बहुधा ती उघडीच करते.