ओझे कुठे ठेवावे?

दिवाळी उलटली होती. हलके धान कापून-चुरून झाले होते आणि नको तेव्हा पाऊस पडून गेला होता. गोंदियाजवळच्या मुर्रीत एका पांदणीच्या चिखलात धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली रुतून बसली होती. ड्रायव्हरने क्लच सोडला की ट्रॅक्टरची पुढची चाके वीतभर उचलली जात आणि मागची जागच्या जागी फिरत. कोणीतरी ओरडले, "चढा रे बोनटवर!" दोन पोरे चढलीही. बंपरवर एक पाय मीही ठेवला होता.

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी पुढे झाले. "उतरा सारे! बंडी हाकलली का कधी, बाबू?" त्यांनी मलाच विचारले. मी पाय मुकाट्याने खाली घेतला.

त्यांच्या प्रश्नातच सारे उत्तर होते. बंडीत माल मागे जास्त भरला तर ती उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त भरला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता माणूस माल चाकांच्या आसावर तोलतो आणि भार किंचित पुढे ठेवतो. दोन चाकांच्या ट्रॉलीचेही तेच. पोती पुढच्या फळीला टेकवून रचली की वजन ट्रॅक्टरच्या हुकावर बसते. हूक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने तराजूच्या दांडीसारखे पुढचे टोक हलके होते. मग स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर नीट वळत नाही. जोर लावला तर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि त्याला दीड सेकंद पुरतो. तेवढ्यात ड्रायव्हरला उडी मारणेही साधत नाही. बोनटवरचे पोर घसरले तर चाकाखालीच जाते. साखळी हुकाऐवजी उंच बांधली तर हा धोका आणखी वाढतो.

मग पुढे वजन हवे तर ते कसे? लोखंडाचे, बंपरपाशी घट्ट बसवलेल्या बिडाच्या पट्ट्यांचे. त्या पुढच्या चाकांच्याही पुढे असल्याने त्यांचा परिणाम वजनापेक्षा मोठा असतो. मागच्या आणि पुढच्या चाकांत दोन मीटर अंतर धरा. पट्ट्या पुढच्या चाकांच्या अर्धा मीटर पुढे असतील, तर ४० किलो लोखंड पुढच्या चाकांवर ५० किलोंचा भार टाकते. वरचे १० किलो मागच्या चाकांवरून कमी होतात. मागे पकड हवी असेल तर टायरमध्ये सुमारे पाऊण भागापर्यंत पाणी भरतात. ते खाली राहते, त्यामुळे ट्रॅक्टरचा तोल सुटत नाही.

मात्र वजन नेहमीच भले नसते. आषाढात बांधीत चिखलणी करताना हेच जादा वजन ट्रॅक्टरला खोल रुतवते. तिथे वजन उतरवून लोखंडी जाळीची चाके लावणेच बरे.

जीपने जंगलाच्या वाटेला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पाण्याचे कॅन, जॅक, अवजारांची पेटी हे जड सामान खाली, दोन चाकांच्या जोड्यांमध्ये, घट्ट बांधून ठेवावे. टपावर अंथरुणे चालतील. जड सामान टपावर चढले की आडव्या उतारावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही निम्मी पोती उतरवली. चाकांपुढचा चिखल फावड्याने उपसून तणस अंथरली. ट्रॅक्टर पहिल्याच गिअरमध्ये, पुढची चाके जमिनीला टेकवून, सावकाश बाहेर आला. म्हातारबांनी पोती पुन्हा रचून घेतली. पुढच्या फळीपाशी नव्हे, चाकांवर. मघाशी बोनटवर चढलेली दोन्ही पोरे आता पाठीवरून पोती वाहत होती. माझ्या मनात मात्र त्यांच्याऐवजी दुसरेच चित्र येत होते, आणि ते आले नाही याचे श्रेय एका जुन्या बंडीला होते.